सेक्रेटरींचं लुगडं

सेक्रेटरी खिशाला पेन लावत नसत, डिग्री लावत. डिग्री म्हणजे दुधात पाणी किती ते सांगणारी काचेची नळी, लॅक्टोमीटर. फुटू नये म्हणून ती धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली असे आणि तिचं टोक खिशातून वर डोकावत असे. दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात मी मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा ते तिथल्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि माझे घरमालकही. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी भाड्याचं काढलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, खरं बोलता का?"

मी म्हटलं, "शक्यतो."

"शक्यतो म्हंजे न्हाईच. पर कबूल केलंत. ऱ्हावा."

मी राहिले. पुढं कळलं की खरं बोलण्याचा हा आजार त्यांना जुनाच होता आणि त्याचा त्रास सगळ्या गावाला होता. पुतण्याच्या सोयरिकीला पाहुणे आले, तर त्यांनी विचारलं म्हणून यांनी सांगितलं, "पोरगं आळशी हाय. जेवतंय मात्र चांगलं." तेव्हापासून सख्खा भाऊ समोरून आला की रस्ता बदलायचा. एका सभासदाच्या दहाव्याला दोन शब्द बोलायला उभं केलं, तर म्हणाले, "मयत दुधात पानी घालायचे. बाकी मानूस चांगला हुता." आणि खाली बसले. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून मीच त्यांना बोलावलं, ही माझी हौस. पोरांनी जीव तोडून स्वागतगीत म्हटलं. यांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "गानं बेसूर हुतं. पर पोरं भ्याली न्हाईत, हे बेस झालं." हेडमास्तर माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत.

सोसायटीत तर विचारायलाच नको. सकाळी किटल्या, कासंड्या घेऊन रांग लागायची. हे प्रत्येकाच्या दुधात डिग्री सोडायचे, वाकून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, 'घ्या' किंवा 'परत'. परत म्हटलं की सरपंच असो नाही तर सालगडी, दूध परत. त्यांचं एक वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं, "डिग्रीला नातं कळत न्हाई." पोरं क्रिकेट खेळताना आउट दिलं तरी हेच वाक्य म्हणायची.

त्या वाक्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. घरी एक म्हैस होती, हौशी नावाची. तिचं शेणपाणी, वैरण, धारा सगळं काकूंकडं. सेक्रेटरी म्हशीच्या अंगाला हात लावत नसत, कारण त्यांचा एक नियम होता, तपासणाऱ्यानं काढू नये आणि काढणाऱ्यानं तपासू नये. दुष्काळाची पहिली झळ लागली त्या वर्षी कडबा संपला आणि हौशीला उसाच्या वाढ्यावर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, ठेवावं लागलं. दूध पातळ पडलं. काकू रांगेत उभ्या, यांनी डिग्री सोडली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "परत." भर रांगेत, स्वतःच्या बायकोला! काकूंनी थेंबभर पाणी घातलं नव्हतं, आणि हे सेक्रेटरींना माहीत होतं. काकू कासंडी कमरेवर घेऊन, पदर नीट करून, सगळ्या गावातून घरी आल्या. हे मी येण्याआधीचं. मला शेजारणीनं सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. असल्या माणसाच्या घरात राहायचं कशाला, असंही मनात आलं. पण गावात दुसरी खोली नव्हती.

पुढचं वर्ष पहिल्याहून वाईट निघालं. विहिरींचे तळ दिसले, टँकर आला की भांडणं पेटायची, कपिलधारच्या धबधब्याची धारसुद्धा करंगळीएवढी राहिली असं लोक सांगायचे. शेतात काही उरलं नव्हतं, गाव दुधावर तगलं होतं. म्हैस दुधात असेपर्यंत लोक तिच्यासाठी जिवाचं रान करत. आटली की बाजार, आणि बाजारातून ती कुठं जाते हे कुणी विचारत नसे.

त्यात काकूंचं ऑपरेशन निघालं. बेंबीपाशी हर्निया होता, कित्येक वर्षं लुगड्याखाली दाबून ठेवलेला. अंबाजोगाईला नेऊन टाके घातले. डॉक्टर म्हणाले, काही मोठं नाही, पण काळजी घ्या. जड उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. खोकला, शिंक आली तर पोटाला उशी दाबून धरायची. हसायचं तेही बेतानं. टाके तुटले तर पुन्हा पोट उघडावं लागेल.

सेक्रेटरींनी हे सगळं ऐकलं आणि सोसायटीच्या पोटनियमांसारखं पाठ केलं.

काकू घरी आल्या. चकलांब्याहून त्यांची लेक आली होती, धारा काढायला. ती बसली आणि हौशीनं अशी लाथ झाडली की कासंडी एकीकडं आणि लेक दुसरीकडं. शेजारीण आली, तिलाही तोच प्रसाद. काकू दवाखान्यात असताना हौशीनं कुणालाच धड दूध दिलं नव्हतं, जेमतेम कास हलकी करून वेळ मारून नेली होती. आता कास तटतटली होती आणि ती गोठ्यातून एकसारखी ओरडत होती. गोठा घराला लागूनच, काकूंची खाट खिडकीशी. प्रत्येक ओरडण्याला काकू कोपरावर उठत होत्या.

"मी नुसती जवळ उभी ऱ्हाते," त्या म्हणाल्या.

"उभी ऱ्हाशील, मंग बसशील," सेक्रेटरी म्हणाले. "मी काय तुला वळखत न्हाई?"

"आटंल हो ती. आटली तर इकावी लागंल."

सेक्रेटरी आत गेले. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि माझ्या हातातली वही खाली पडली. त्यांनी धोतरावरून काकूंचं वापरातलं, न धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नेसलं होतं म्हणजे गुंडाळलं होतं. टोपीवरून पदर घेतला होता. पदराखाली चष्मा आणि मिशा.

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "तू धार काढताना हिच्याशी काय बोलतीस?"

"काई न्हाई," आतून काकू.

"रोज बडबड ऐकू येती. काय म्हनतीस?"

"म्हशीसंगं बोलनं ते. तुमी ऐकून काय करता?"

"तिला त्येच लागतंय. सांग."

काकूंनी भिंतीकडं तोंड केलं. हौशी पुन्हा ओरडली. काकूंनी उठायला हात टेकला.

"उटू नको! सांग म्हनतो ना."

"तुमच्यावरच बोलते," काकू म्हणाल्या. "दुसरं कोन हाय मला बोलायला?"

सेक्रेटरी तसेच उभे राहिले, पदर डोक्यावर, कासंडी हातात. मला वाटलं आता हा माणूस लुगडं फेडून चालता होईल. ते म्हणाले, "बरं. सुरुवात कुटून असती?"

काकू भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "तुजा मालक आला का गं हौशे, गावाचं दूध मोजून."

सेक्रेटरी गोठ्यात गेले. हौशीच्या अंगाशी डोकं टेकून बसले. तिनं पदर हुंगला, पाय हलवला, पण लाथ मारली नाही. सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचतात त्या आवाजात ते म्हणाले, "तुजा मालक आला का गं हौशे, गावाचं दूध मोजून." मग खिडकीकडं, "फुडं काय?"

"त्याला गाव दिसतंय, घर दिसत न्हाई."

"त्याला गाव दिसतंय, घर दिसत न्हाई. फुडं?"

हौशीनं शेपूट आपटलं.

"फुडं गं?"

"माज्या कासंडीत पानी नव्हतं," काकू म्हणाल्या. "त्याला म्हाईत हुतं."

गोठ्यातून आवाज आला, पण तो आता इतिवृत्ताचा नव्हता. कानात सांगावं इतका हळू होता.

"तिच्या कासंडीत पानी नव्हतं गं हौशे. मला म्हाईत हुतं."

शब्द बदलले होते, पण हौशीची काही तक्रार नव्हती. तिनं पान्हा सोडला. कासंडीत पहिली धार वाजली, मग दुसरी. मी आत बघितलं तर काकूंनी तोंडावर पदर घेतला होता.

माणसाबद्दलचं मत एका संध्याकाळीत असं उलटंपालटं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माफी मागणारे पुष्कळ पाहिलेत. बायकोचं लुगडं नेसून, बायकोच्या शब्दांत, म्हशीपुढं स्वतःला 'परत' म्हणणारा एवढाच.

दुसऱ्या दिवसापासून घराचं तंत्रच बदललं. लेक चकलांब्याला परत गेली, तिच्या घरी तिच्या सासूचं दुखणं होतं. सेक्रेटरी पहाटे उठून लुगडं नेसायचे, धार काढायचे, लुगडं सोडायचे, टँकरचं पाणी आणायचे, भाकरी थापायचे. भाकरी इतकी जाड असायची की एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत बघायला नको. काकूंसाठी पेज करायचे आणि खरं बोलायच्या सवयीनं स्वतःच सांगायचे, "खारट झाली. पी." लुगडं धुवायला मात्र सक्त मनाई. काकूंच्या अंगाचा वास गेला तर हौशी ओळखायची नाही. वास उडतोय असं वाटलं की रात्री ते लुगडं काकूंच्या अंगावर पांघरूण म्हणून घालायचे. "मुरू दे," म्हणायचे, लोणच्याबद्दल बोलावं तसं.

नियमाचं काय? तपासणाऱ्यानं काढू नये ना? सेक्रेटरींनी त्याचीही तजवीज केली. वरच्या आळीला एक पैलवान होता. सगळ्यात जास्त वेळा 'परत' त्याच्या वाट्याला आलं होतं आणि यांचं नाव काढलं की तो थुंकायचा. घरचं दूध तपासायला यांनी त्यालाच बोलावलं, सगळ्या रांगेसमोर. पैलवान आनंदानं थरथरत होता. डिग्री सोडून त्यानं इतका वाकून बघितलं की मिशा दुधाला लागल्या. मग पडेल आवाजात म्हणाला, "बरुबर हाय." रोज येऊन तो असाच पडेल आवाजात बरुबर हाय म्हणत राहिला.

दुखणाईताला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटाचा पुडा काकूंना, नजर लुगड्याला. बायका मुद्दाम धारेच्या वेळेला यायच्या. सेक्रेटरी दारातच बजावायचे, "हिला हसवू नका. टाके हायत." आणि स्वतः पदर सावरत, धोतराला लुगडं अडकवून घेत, गोठ्याकडं निघायचे. त्यांना बघून काकू उशी पोटाला दाबून धरायच्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आवाज न करता हसायच्या. गोठ्यातून हुकूम यायचा, "हसायली का कोन? म्या काय सांगितलं?" की आणखी हसू. मी एकदा म्हटलं, "काकू, टाके तुटतील." त्या म्हणाल्या, "तुटू द्या बाई. लग्न झाल्यापून पैल्यांदा हसायले."

पण हा सगळा खेळ नव्हता. त्यात त्यांचं काय गेलं ते मी डोळ्यांनी बघितलं. सेक्रेटरींची जन्माची एकच इच्छा होती, तालुक्याच्या दूध संघावर जायची. तिथल्या मोठ्या टाक्यांत डिग्री सोडायची. त्या वर्षी संघाच्या संचालकांच्या मनात त्यांचं नाव आलं होतं आणि एका संध्याकाळी संचालकांची जीप दारात येऊन उभी राहिली. चारपाच माणसं, पांढरे कपडे, सगळे थेट अंगणात. सेक्रेटरी हौशीखाली, लुगड्यात.

मला वाटलं, आता तरी उठतील, पदर टाकतील. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "हालू नका," म्हणाले. "बोलू नका. पान्हा जाईल."

संचालक उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेत उभं केलेल्या पोरासारखा. आणि सेक्रेटरी आपलं पुढं म्हणत राहिले, "त्याला गाव दिसतंय गं हौशे, घर दिसत न्हाई." धार संपली तेव्हा उठले, दूध गाळलं, झाकलं आणि मग राम राम केला.

संचालक हसत म्हणाले, "शेक्रेटरी, ह्याच वेशात संघावर येनार का?"

"वेश म्हशीसाठी हाय," हे म्हणाले. "संघात म्हशी हायत का?"

मागची माणसं फिसकन हसली. संचालकांना ते लागलं. चहा न घेता जीप गेली आणि पुढं संघावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लागलं. 'बाईमाणसाला' संघावर कसं घ्यायचं, असं संचालक तालुक्याला म्हणाल्याचं गावात आलं.

काकूंना ते फार लागलं. "माज्यापायी गेलं तुमचं," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी भाकरी परतत होते. त्यांनी विचारलं, "आज टाके दुखले का?"

"न्हाई."

"मंग काय गेलं?"

टाके सुकले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता हळूहळू कामाला लागा. त्या दिवशी अंबाजोगाईहून आल्यावर काकूंनी पदर खोचला आणि कासंडी उचलली. सेक्रेटरींनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"हौशी आता तुला वळखत न्हाई," ते म्हणाले.

"कावून?"

"मला सवकली. तुला लाथ मारंल. बस तू."

काकू बसल्या. मला वाईट वाटलं, जन्मभर सांभाळलेली म्हैस आणि महिन्या-दीड महिन्यात विसरली. पण सेक्रेटरी सांगतायत म्हणजे विषयच संपला. गावानंही तसंच धरलं. रोज सकाळ-संध्याकाळ लुगडं नेसणं चालू राहिलं. लोक हसायचे थांबले. पैलवान एकदा नव्या माणसाला दटावताना मी ऐकलं, "हसतो काय बे? सोसायटीचं शेक्रेटरी हाय त्ये." आणि धारेच्या वेळेला काकू ओट्यावर पाय पसरून कपातला चहा प्यायच्या. आयुष्यात त्यांनी चहा उभ्यानंच प्यायला होता, चुलीपाशी, तोही उरलेला. आता बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश.

मग एक दिवस सेक्रेटरी सोसायटीच्या कामाला बीडला गेले आणि संध्याकाळची गाडी चुकली की काय, आलेच नाहीत. धारेची वेळ झाली. हौशी ओरडायला लागली. मी शेजारणीला हाक मारायला निघाले, तर काकू ओट्यावरून उठल्या आणि गोठ्याकडं चालायला लागल्या.

"काकू, नका! लाथ मारेल!"

त्यांनी ऐकलं नाही. हौशीजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. एक शब्द बोलल्या नाहीत. हौशीनं मान वळवून त्यांचा हात चाटला, आणि मी बघते तो सडांतून दूध आपोआप ठिपकायला लागलं. धार काढायला कुणी बसलंही नव्हतं.

मी चक्रावले. "अहो, ही तर ओळखते तुम्हाला!"

"वळखती की. कवा इसरली हुती?"

"पण सेक्रेटरी तर म्हणाले..."

"त्येंच्या मोरं बी पान्हा सोडलाय हिनं मला बघून. मागं येकदा वैरण टाकाया गेलते तवा. त्येंनी बघितलं. बघून बी म्हनले, वळखत न्हाई."

पुतण्याची सोयरीक मोडली, भाऊ तुटला, संघ गेला, पण खोटं म्हणून ज्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं तो रोज दोन वेळा लुगडं नेसून सगळ्या गावादेखत खोटं वागत होता. मी म्हटलं, "काकू, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

काकूंनी हौशीच्या पाठीवरचा हात काढला. "उभ्या जिंदगीत येकच लबाडी केली बाई त्या मानसानं," त्या म्हणाल्या. "ती बी माज्यासाठी. ती म्या उघडी पाडू?"

तेवढ्यात फाट्याकडून सेक्रेटरी येताना दिसले, जवळजवळ पळतच. पिशवी काखेत, टोपी हातात. काकू झटकन मागं फिरल्या आणि ओट्यावर आपल्या जागी येऊन बसल्या. सेक्रेटरींनी आल्या पावली दोरीवरचं लुगडं ओढलं, गुंडाळलं, कासंडी घेतली आणि गोठ्यात शिरले. "तुजा मालक आला का गं हौशे," धापा टाकत सुरू झालं.

काकूंनी ओट्यावरून विचारलं, "देती का वो?"

"देती!" आतून आवाज आला. "मलाच देती. तुला कुटं वळखती आता!"

टाके कधीच सुकले होते. तरी काकूंनी शेजारची उशी ओढली आणि पोटाशी घट्ट दाबून धरली.